दीड इंच

डेल्मा क्रॅबट्रीच्या कुंपणाला सात पेट्या,
तंबाखूच्या जुन्या कोठाराच्या फळ्यांच्या,
लोखंडी खांबांवर,
खाली धुराड्याचा पत्रा गुंडाळलेला, साप चढू नये म्हणून.
प्रत्येकीला भोक दीड इंचाचं.
स्टार्लिंग त्यात मावत नाही.
ब्लूबर्ड मावते.
आणि चिमणीही.

सगळा घोळ त्या दीड इंचाचा.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने
केंटकीच्या या वळणांवरून.
कोण कुणाला चिमटे काढतं, कोण कुणाची खिडकी बळकावतं
सगळं आरशात दिसायचं.
आता दर सोमवारी पेट्या उघडते,
वहीत लिहिते:
तीन नंबर, चार अंडी, निळी.
पाच नंबर, गवत, कोरडं.
चार नंबर

चार नंबरमध्ये मादी होती.
टाळूवरची पिसं उपटलेली, एक डोळा नाही,
आणि तिच्याच अंगावर रचायला घेतलेलं
दुसऱ्यांचं घरटं:
कोंबडीचं पीस, सिगारेटच्या पाकिटाचा कागद,
कुणाच्या तरी वाढदिवसाची पिवळी रिबन.

तिथल्या भाषेत या पाखराच्या नावातच घर आहे.
मी मराठीत चिमणी लिहिते
आणि हात अडतो.
ज्या नावाने आपण लेकरांना घास भरवतो
ते नाव या ओळीत कसं बसवू?
पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे.
तीच ती. नराच्या गळ्याशी तोच काळा डाग,
तोच चिवचिवाट.
जहाजातून आणून सोडली म्हणे कुणी, कधीकाळी.
तिने कुठे मागितलं होतं तिकीट?

टली, नातू, नऊ वर्षांचा,
कांद्याच्या जाळीत धडपडणारा चिमणा बघून म्हणाला,
याला माहीत होतं का, ती आधी आली होती ते?
डेल्मा म्हणाली, जा, कुत्र्याला पाणी ठेव.
मग ती शेडच्या मागे गेली.
तिथे काय झालं ते वहीत नाही.
वहीत आहे: चार नंबर, साफ केली. वारा दक्षिणेचा.

संध्याकाळी करडईची गोणी खांद्यावर टाकून
रस्ता ओलांडून ओटिस प्रुइटकडे.
तो रोज उजाडता मक्याचा भरडा उधळतो,
आणि पंचक्रोशीतल्या चिमण्या त्याच्या अंगणात.
"हे टाक त्याऐवजी. चिमण्या फारशा तोंड लावत नाहीत याला.
कार्डिनल येतील. लालभडक."

ओटिसने मूठभर दाणे हुंगले, परत गोणीत सोडले.
"कार्डिनल जोडीने येतात, खातात, जातात.
पाहुण्यांसारखे, हळू आवाजात.
या भांडतात बघ, सहा वाजल्यापासून.
आम्ही पाच भाऊ होतो या घरात.
टेबलावर असाच कालवा असायचा
शेवटच्या पावासाठी."

बसमध्ये हजार भांडणं मिटवली होती डेल्माने,
याला उठव, त्याला पुढे बसव.
इथे कुणाला उठवावं, सुचेना.
गोणी पायरीवर ठेवली.
"निदान अर्धं अर्धं कर."
"बघतो," तो म्हणाला,
आणि दोघांनी मिळून थोडा वेळ
नुसतं त्या भांडणाकडे पाहिलं.

मे महिन्यात चार नंबरला नवी जोडी.
पहिलं अंडं दिसलं त्याच दुपारी
तिने पेटीमागे काठी ठोकली,
छपरावर चंदेरी पट्ट्या लोंबत्या सोडल्या.
वाऱ्याची झुळूक आली की झळाळायच्या.
ब्लूबर्ड दोनदा बिचकली,
तिसऱ्यांदा सरळ आत.
चिमणा तारेवर बसून राहिला, मान तिरकी करून,
जसा दारावरची पाटी वाचतोय.

रस्त्यापलीकडून ओटिस ओरडला,
लग्न काढलंस का कुणाचं?

त्याच्या अंगणात त्या दिवशी
मका होता की करडई,
इतक्या लांबून कळत नव्हतं.
डेल्मानेही डोळे बारीक केले नाहीत.